मूळ की खोड?

फराळाचे डबे आणि पाठटाचणाची वही ही दोन्ही एका जाजमावर सुखाने नांदत नाहीत, हे मला गेल्या दिवाळीत कळले. माझी भाची तेव्हा पुण्याच्या एका महाविद्यालयात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. सुटी संपताच आंतरवासितेच्या शाळेत तिला सहावीच्या वर्गावर 'पाणी' हा पाठ घ्यायचा होता. (ह्या मुली 'आंतरवासिता' म्हणत नाहीत, सरळ 'इंटर्नशिप' म्हणतात.) पाठ पाहायला तिचे प्राध्यापक वर्गात मागे बसणार होते. म्हणून बाईसाहेब दिवाळीला आल्या त्या जलचक्राचा तक्ता बगलेत मारूनच. इकडे माझ्या चकल्यांचा घाणा चाललेला, तिकडे तिचे कापसाचे ढग वाळताहेत! एक चकली तिच्या निळ्या समुद्रात पडली, तेव्हा तर घरात लहानसे वादळच झाले.

वादळ शमल्यावर तिने विचारले, "आत्या, तुझ्या वेळी पर्यावरण हा विषय होता का गं?"

'नव्हता' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. आमच्या वेळापत्रकात त्या नावाचा तास नव्हता, हे खरेच आहे. पण नाव नसले म्हणजे माणूस नसतो असे थोडेच आहे? ह्या विषयाची वंशावळ मोठी आहे. त्याने चार-पाच नावे बदलली आहेत, आणि त्यातल्या एका नावाशी माझे स्वतःचे एक जुने देणे आहे. भाचीला मी त्या रात्री जे सांगितले, तेच येथे थोडे नीटनेटके करून लिहिते आहे.

ह्या विषयाचे आपल्याकडचे पहिले नाव 'वस्तुपाठ'. आज आपण 'त्याने चांगला वस्तुपाठ घालून दिला' असे म्हणतो, तेव्हा हा शब्द एकेकाळी शाळेच्या वेळापत्रकात होता, हे आपल्या ध्यानीही येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पेस्तालोझी नावाचा एक शिक्षक होऊन गेला (१७४६–१८२७). मुलाला आधी वस्तू दाखवा, हाताळू द्या, आणि मग तिचे नाव सांगा, असा त्याचा आग्रह. तो विचार इंग्लंडमार्गे एकोणिसाव्या शतकात आपल्या ट्रेनिंग कॉलेजांत आला. मास्तर कापूस, काच, मीठ, धान्य अशा वस्तू टेबलावर मांडत आणि मुलांना त्यांचे गुणधर्म विचारत. कल्पना मोठी चांगली होती. पण चांगल्या कल्पनेची शाळेत जी गत होते, ती हिचीही झाली. वस्तू राहिली टेबलावर आणि मुलांनी पाठ केली ती वस्तूची वर्णने. कापूस मऊ, पांढरा व हलका असतो, हे कापूस वेचणाऱ्या आईच्या मुलानेही घोकले; कापूस वेचताना बोटांना बोंडाची टोके कशी लागतात, हे मात्र त्याला कोणी विचारले नाही.

दुसरा पूर्वज मुंबईत होऊन गेला, आणि तो चक्क एक स्कॉटिश गृहस्थ होता. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९१४ साली ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात आले, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा जो विभाग निघाला त्याचे पहिले प्राध्यापक झाले. १९२४ पर्यंत ते मुंबईत होते. पुढे ज्यांनी त्या विभागाला नाव मिळवून दिले ते गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांच्याच पारखीतून विलायतेला शिकायला गेले. ह्या गेडिसनी १८९२ साली एडिंबरो शहरात एक मनोरा घेतला होता. पाहुण्याला ते आधी पायऱ्यांवरून थेट गच्चीवर नेत. तेथून शहर, टेकड्या आणि समुद्र दिसे. मग एकेक मजला उतरत यायचे: आधी एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग पुढचे मजले, आणि सर्वांत खाली सारे जग. जग समजून घ्यायचे तर आपल्या घराच्या गच्चीवरून सुरुवात करा, एवढेच त्यांचे सांगणे. स्थळ, काम आणि लोक ह्या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडून शिकविता येत नाहीत, असे ते म्हणत. आजच्या परिसर अभ्यासाची गुरुकिल्ली ह्या तीन शब्दांत आहे, असे मला वाटते.

तिसरे नाव आपल्या विदर्भातले आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. 'नई तालीम' म्हणतात ती हीच. लोकांना त्यातली टकळी तेवढी आठवते. पण त्या आराखड्यात मुलाचे सारे शिक्षण तीन गोष्टींभोवती गुंफायचे होते: उद्योग, भोवतालची निसर्गसृष्टी आणि भोवतालचा समाज. ह्यातूनच आपल्याकडे 'जीवन शिक्षण' हा शब्द रूढ झाला. अजूनही एखाद्या खेड्यात शाळेच्या पाटीवर 'जीवन शिक्षण मंदिर' अशी जुनी अक्षरे दिसतात. पाटी टिकली, सूत बहुतेक ठिकाणी तुटले. शिक्षकाला जे ट्रेनिंगमध्ये दोऱ्याने गुंफायला शिकविले, ते त्याने शाळेत गेल्यावर तासांच्या घंटेने पुन्हा तोडले.

आणि चौथी गोष्ट कोसबाडची. ती सांगताना माझा आवाज थोडा बदलतो, असे भाचीचे म्हणणे आहे.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम करून महाराष्ट्रात परतल्या. १९२६ साली निघालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ. शहरातल्या बालमंदिरांवर नाव मिळविता आले असते; पण १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. माँटेसरीबाईंची ती महागडी साधने खेड्यात कोठून आणायची? तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने, माती हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, तो ह्या अंगणातला. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांपैकी थोडी मोठी मुले दिवसभर गुरांमागे असत. त्यांना शाळेत कसे आणायचे? ताराबाई-अनुताईंनी प्रश्न उलटा केला. मुले कुरणात आहेत ना, मग शाळा कुरणात जाईल. 'कुरणशाळा' हे तिचे नाव. गुरे चरताहेत, आणि झाडाखाली मुले शिकताहेत! पेस्तालोझीची वस्तू टेबलावरून उतरून पुन्हा आपल्या जागी, गवतात, गेली ती येथे.

आता माझे देणे सांगते.

१९७९ साली मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या अध्यापक विद्यालयातून आम्हां मुलींना महिनाभर खेड्यातल्या शाळांवर पाठवीत. माझ्या वाट्याला डहाणू तालुक्यातली, दोन खोल्यांची एक शाळा आली. कोसबाडची टेकडी तेथून फार लांब नव्हती. पण मी तेव्हा वीस वर्षांची होते, आणि माझे सारे लक्ष त्या टेकडीकडे नसून पाठनिरीक्षणाच्या गुणांकडे होते. हर्बार्टची पंचपदी मला तोंडपाठ होती. प्रस्तावनेला पाच मिनिटे, हेतुकथनाला एक. त्यात घड्याळाचा काटा चुकायचा नाही.

चौथीच्या वर्गावर 'वनस्पतींचे अवयव' हा पाठ होता. आदल्या दिवशी मी मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितले, "उद्या येताना प्रत्येकाने एकेक मूळ घेऊन यायचे हं!" पाठाच्या दिवशी मार्गदर्शक मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. मी तक्ता टांगला. मुळा आणि गाजर म्हणजे मूळ. बटाटा दिसतो मुळासारखा, पण ते खोड, हे सांगून झाले. मुलांनी गवताची, तुळशीची, टाकळ्याची मुळे आणली होती. इतक्यात एक मुलगा उशिरा आला. बकऱ्या सोडून यायला त्याला रोजच उशीर होई. त्याच्या हातात मातीने भरलेला, केसाळ, वेडावाकडा एक कांद होता. रानातून खणून आणलेला. तो त्याने टेबलावर ठेवला आणि मला विचारले,

"बाई, हा मूळ की खोड?"

मला ठाऊक नव्हते.

एवढी साधी गोष्ट आहे, आणि ती लिहायला मला पंचेचाळीस वर्षे लागली. मागे मार्गदर्शक बसलेले, काटा पुढे सरकतो आहे, आणि तक्त्यावर तो कांद नाही. मी हसून म्हणाले, "ते आपण नंतर पाहू. आता जागेवर बस." कांद मी टेबलाखाली सरकविला. मुलगा बसला. पाठ वेळेत संपला, संकलन झाले, गृहपाठ झाला, आणि 'नंतर' काही आले नाही.

संध्याकाळी मी तो कांद मुक्कामाच्या घरी नेला. घरमालकीण बाईंनी तो पाहताच हात कपाळाला लावला. "अहो बाई, हा कडू कांद. असा खाल्लात तर घसा धराल!" मग त्यांनी मला सांगितले, की तो आधी उकडायचा, चकत्या करायच्या, टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचा; कडूपणा पाण्याबरोबर निघून गेला की मगच तो खाण्याजोगा होतो. घरातले धान्य संपले की पाड्यावरची माणसे ह्यावर दिवस काढतात. म्हणजे त्या मुलाने मला नुसते मूळ आणले नव्हते. रसायन, पाणी, भूक आणि रान अशा चार विषयांचा धडा त्याने माझ्या टेबलावर ठेवला होता, आणि मी तो टेबलाखाली ढकलला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलवायचे मी ठरविले. पण तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझा महिना संपेपर्यंत तो शाळेत आला नाही. बकऱ्यांमुळे आला नाही की माझ्यामुळे, हे सांगायला आज कोणी नाही. माझ्या निरीक्षणवहीत मात्र त्या पाठाखाली सुवाच्य अक्षरांत शेरा आहे: 'विषयांतर टाळले. वर्गावर ताबा उत्तम.' गुणही त्या महिन्यातले सर्वांत अधिक.

परतीच्या आधीच्या रविवारी मी आणि एक मैत्रीण कोसबाडला गेलो. शाळेला सुटी होती. एका खोलीत मांडून ठेवलेल्या बिया, शिंपले, शेंगा, रंगीत खडे पाहताना मैत्रीण कौतुकाने वही भरीत होती. मी मात्र त्या फळीवर एखादा कडू कांद दिसतो का, तेवढेच शोधत होते.

पुष्कळ वर्षांनी मी एका वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात वाचले, की ह्या कुळातले कांद मूळ म्हणावेत की खोड, ह्यावर शास्त्रज्ञांतही बराच वाद झालेला आहे. खोड आणि मूळ जेथे जुळतात त्या सांध्यापासून ते वाढतात. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिले. चौथीतल्या त्या पोराने मोठमोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी विचारलेला प्रश्न मला विचारला होता.

त्याच सुमारास, बाहेरच्या जगात, ह्या विषयाचे नवे बारसे चालले होते. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. इंदिरा गांधी तेथे बोलल्या, आणि दारिद्र्याचा प्रश्न बाजूला ठेवून पर्यावरणाचा विचार करता येणार नाही, हे त्यांनी श्रीमंत देशांना ऐकविले. ५ जून हा पर्यावरण दिन त्या परिषदेची आठवण आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातील तिबिलिसी येथे खास पर्यावरण शिक्षणावर परिषद झाली. हा विषय एका तासात कोंडू नका, सर्व विषयांत तो मिसळला पाहिजे, असा तिचा सूर होता. आपल्याकडे १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक शाळेत परिसर अभ्यासाला जागा दिली होती; समाजाचा एक भाग आणि विज्ञानाचा एक भाग. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पर्यावरणाचे रक्षण हे देशभरच्या समान अभ्यासक्रमातील दहा गाभाघटकांपैकी एक ठरविले.

मग प्रकरण न्यायालयात गेले. वकील एम. सी. मेहता ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. चित्रपटगृहांनी खेळापूर्वी पर्यावरणाच्या पट्ट्या विनामूल्य दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनने कार्यक्रम करावेत, आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा व्हावा, असे त्यात होते. सक्ती कागदावरच रेंगाळली, तेव्हा मेहता पुन्हा न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २००३ मध्ये पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार करण्याचा आदेश निघाला. ज्या विषयाला नाव नव्हते त्याला आता पुस्तक मिळाले, तास मिळाला, प्रकल्पवही मिळाली आणि गुण मिळाले.

ह्याचा आनंद मला झाला, हे कबूल केले पाहिजे. न्यायालयाने दार ठोठावले नसते तर कित्येक शाळांतल्या मुलांनी हा शब्दही ऐकला नसता. पण प्रकल्पवह्या तपासताना मला वस्तुपाठाची आठवण होई. एकाच दुकानातून आणलेली तीच चित्रे, तोच 'झाडे लावा' असा मथळा, आणि वही सजविणारे हात बहुधा आईचे!

शिक्षकाच्या उमेदवारीचीही अशीच एक कथा आहे, आणि तिची सुरुवात आपल्याच घरातून झाली. महाराष्ट्रात डी.एड. विद्यालयांना भराभर मान्यता मिळाल्या, त्यावरून खटले झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१२ साली आला. त्यानंतर २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढणे आवश्यक ठरले. पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. माझा तो एक महिना आठवून मला ह्या वीस आठवड्यांचा हेवा वाटतो. एका महिन्यात मुलांनी आपल्यावर चांगली छाप पाडावी एवढेच सुचते. सोळा आठवडे मिळाले तर न आलेला मुलगा का आला नाही, हे पाहायला त्याच्या पाड्यावर जाता येते. निदान 'नंतर पाहू' म्हटले तर ते 'नंतर' येण्याइतके दिवस हाताशी असतात.

हे सारे सांगून झाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. भाचीने माझी निरीक्षणवही हातात घेतली, तो शेरा दोनदा वाचला, आणि काही न बोलता आपल्या पाठटाचणाशी जाऊन बसली. तक्ता तिने फाडला नाही. मीही फाड म्हटले नाही. कापसाचे ढग फारच सुरेख झाले होते.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. तिची शाळा मुठेच्या काठच्या एका वस्तीजवळ आहे. जलचक्र शिकवून होत आले होते. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी, पुन्हा समुद्र असा बाण फिरला, तोच मधल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, धरणातून पाणी सोडतात ते ह्यात कुठे आहे?" खडकवासल्याचे पाणी सोडले की त्यांच्या गल्लीत शिरते, भोंगा वाजला की आधी गादी आणि दप्तर माळ्यावर टाकायचे, हे त्या वर्गातल्या निम्म्या मुलांना पाठ होते. माझ्या मनात आले, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा ह्याच नदीने पुणे धुऊन नेले होते. त्या पुरानंतर इतक्या वर्षांनी नदीकाठची मुले पाण्याच्या पायऱ्या मोजताहेत, आणि आमच्या चक्रात अजून धरण नाही.

"मग तू काय केलेस?" मी विचारले.

"खडू तिच्या हातात दिला. म्हटले, तूच दाखव कुठे ते. तिने तक्त्याशेजारी फळ्यावर धरण काढले. मग दुसऱ्याने पूल काढला, तिसरा म्हणाला, आमचे घर राहिले. घंटा झाली तरी कोणी उठेना. आत्या, माझे संकलन राहिले, गृहपाठही राहिला."

"आणि शेरा?"

ती थोडी थांबली. "वेळेचे नियोजन सुधारावे, असा आहे. दोन गुण गेले."

मी फोन ठेवला आणि कपाटातली माझी निरीक्षणवही पुन्हा काढली. त्या जुन्या शेऱ्याखाली अर्धे पान कोरे होते. त्यावर मी तारीख घातली आणि लिहिले: 'त्या दिवशी एका मुलाने रानातून कांद आणला होता. तो मूळ की खोड, हे मला सांगता आले नाही.'